मांडीवरून सीटवर: लहान मुलांच्या कार सीटचा अडीच वर्षांचा अनुभव

गेल्या अडीच वर्षांत आमच्या गाडीच्या मागच्या बाकावर लहान मुलांसाठीच्या दोन कार सीट येऊन बसल्या. पहिली साडेआठ हजार रुपयांची, गाडीच्याच सीट बेल्टने बांधायची. दुसरी तेवीस हजारांची, आयसोफिक्सच्या (म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या) कड्यांत अडकवायची आणि जागच्या जागी गोल फिरणारी. पुणे ते कोल्हापूर हा रस्ता आम्ही महिन्या-दीड महिन्याने करतो, शहरातले रोजचे जाणे-येणे वेगळे. तेव्हा दोन्ही सीटांविषयी मत देण्याइतका वापर झाला आहे असे मी धरते. निकाल आधीच सांगून टाकते. दुसरी सीट किमतीला उतरते. पहिली कागदावर वाईट नव्हती, पण आमच्या गाडीत ती कधी नीट बसलीच नाही, आणि तो दोष थोडा तिचा, थोडा विकणाऱ्याचा आणि बराचसा आमचा होता. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही. मॉडेले दरवर्षी बदलतात, शिवाय मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नसून सीटच्या प्रकाराविषयी आणि ती बसवण्याविषयी आहे.

मुलगी जन्मली तेव्हा रुग्णालयातून घरी आणताना ती माझ्या मांडीवर होती, आणि पुढचे सात महिने तीच तिची जागा राहिली. यात काही चुकते आहे असे घरात कोणालाही वाटले नाही, मलाही नाही. मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की तिच्यापुढे गणितच मांडावे लागते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगाची गाडी समोर कशावर आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर ९ किलोच्या बाळाला हातात धरून ठेवण्यासाठी सुमारे सव्वाशे किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते, आणि तीही त्याच दशांश सेकंदात, आधी कल्पना नसताना. आपण स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण आपले साठ-सत्तर किलो वजन मागून त्याच बाळावर जाऊन पडते. ५० किलोमीटरच्या वेगाने आदळणे आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे यांत जमिनीला लागतानाच्या वेगाचा फारसा फरक नाही. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “खरं असंल गं, पण एवढ्याशा लेकराला बांधून घालायचं? आण इकडं, मी घेतो मांडीवर.” (कोल्हापूरकडच्या बायका ‘घेतो’च म्हणतात.) या सीटची खरी स्पर्धा दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या सीटशी नसून या मांडीशी आहे, आणि सीट निवडताना हे ध्यानात ठेवले तर अनेक गोष्टी सोप्या होतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ते लागू झाले. त्यानुसार सीट बेल्ट न लावणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. आणि चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या संरक्षक आसनाने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्यालाही तेवढाच दंड आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी बेल्ट लावण्याचा नियम त्याआधीपासून होता, पण त्याची आठवण लोकांना झाली ती ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला झालेल्या अपघातानंतर. त्या गाडीत मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबईत गाडीतल्या सर्वांना बेल्टची सक्ती झाली. कलम १९४-ब मध्ये मला खटकणारी गोष्ट म्हणजे त्यातला ‘किंवा’ हा शब्द. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला तर कायदा समाधानी होतो. पण तो बेल्ट मुलाच्या खांद्यावरून न जाता गळ्यावरून जातो, आणि खालचा पट्टा कमरेच्या हाडावर न बसता पोटावर चढतो. ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचे होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवर, त्याच्यासाठी वेगळे आसन बंधनकारक आहे. त्यांनी वयाच्या जोडीला उंचीही धरली, हे शहाणपणाचे आहे.

पहिली सीट आम्ही पुण्यातल्या मुलांच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानातून घेतली. तिथे सीट रांगेने मांडलेल्या होत्या आणि विक्री चालली होती ती कापडाच्या रंगावर, उशीच्या मऊपणावर आणि पाण्याच्या बाटलीच्या खोबणीवर. “किती महिन्यांचं बाळ आहे?” एवढा एकच प्रश्न आम्हाला विचारण्यात आला, गाडी कोणती, मागचा बेल्ट किती लांब, आयसोफिक्स आहे का, बाळाचे वजन आणि उंची किती, यातले काहीही कोणी विचारले नाही. विक्रेत्या तरुणाने उत्साहाने खाली येऊन सीट गाडीत बसवून दिली आणि ती पुढे तोंड करून बसवली. मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. “उलटं बसवलं तर तिला काही दिसणार नाही मॅडम, रडेल,” हे त्याचे म्हणणे मला तेव्हा पटले. त्या सीटच्याच अंगावर, पट्टा जाण्याच्या जागेजवळ, ९ किलोखालच्या बाळासाठी ती उलटीच बसवावी असे चित्रासह छापलेले होते, आणि ते आम्ही दोघांनीही वाचले नव्हते. घरी येऊन माहितीपुस्तिका उघडली तेव्हा ते समजले. त्या तरुणावर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलेच नसावे. परंतु ज्या दुकानात साडेआठ हजारांची वस्तू घेतल्यावर भेटवस्तूच्या कागदात बांधून देण्याची सोय आहे, तिथे ती वस्तू बसवण्याचे प्रशिक्षण घेतलेला एक माणूस असायला हवा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता ती सीट बसवण्याचे पुराण. या प्रकारच्या सीटच्या बाजूला पट्टा ओवण्यासाठी दोन रंगांच्या खाचा असतात: उलटी बसवताना निळ्या, सुलटी बसवताना लाल. रंगांची ही पद्धत चांगली आहे आणि एकदा समजली की विसरत नाही. अडचण पुढे सुरू होते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा मागचा बेल्ट हळू ओढला तर सुटत राहतो आणि झटका बसला तरच अडकतो. अमेरिकेतल्या गाड्यांप्रमाणे पूर्ण बाहेर ओढल्यावर आपोआप कुलूप लागून घट्ट राहण्याची सोय त्यात नसते. त्यामुळे सीटवर गुडघा टेकवून, घाम गाळून पट्टा घट्ट ओढला, तरी दोन दिवसांत तो पुन्हा सैल व्हायचा. पट्टा जिथून जातो त्या जागी धरून सीट हलवली तर ती दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये, असा साधा नियम आहे. आमची सहज चार बोटे सरकत असे. पट्टा जागच्या जागी धरून ठेवणारी क्लिप सीटबरोबर होती, पण ती कुठे लावायची याचे पुस्तिकेतले चित्र इतके बारीक होते की ते समजायला आम्हाला महिना लागला. दुसरी अडचण बाकाच्या उताराची होती. आपल्या गाड्यांचा मागचा बाक पाठीकडे उतरता असतो, त्यामुळे उलटी बसवलेली सीट हवी त्यापेक्षा ताठ उभी राहते, आणि बाळ झोपले की त्याची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाच्या श्वासाला त्याने अडथळा येऊ शकतो. पुस्तिकेत परवानगी होती म्हणून आम्ही पंचाची घट्ट गुंडाळी करून सीटच्या पायथ्याशी घातली आणि तो कोन सुधारला. एकूण काय, सीट चाचणीत उत्तीर्ण झालेली होती, पण चाचणीत ती जशी बसवली असेल तशी आमच्या गाडीत ती फार थोडे दिवस बसली.

दुसऱ्या वेळी मी दुकानात जाण्याआधी लेबल वाचायला शिकले. सीटच्या मागे किंवा तळाला एक नारिंगी लेबल असते. त्यावर वर्तुळात ई हे रोमन अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ जर्मनीसाठी १, नेदरलँड्ससाठी ४. हे लेबल नसलेली सीट, मग ती कितीही गुबगुबीत असो, मी घेणार नाही. कापडी पट्ट्यांच्या, बाकावर नुसत्या बांधायच्या काही स्वस्त ‘सीट’ ऑनलाइन मिळतात, त्यांच्यावर असले काहीही नसते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत यासाठी दोन नियम आहेत. जुना ४४ क्रमांकाचा नियम वजनावर चालतो आणि आपले एआयएस ०७२ हे मानक त्याच्याच वळणाचे आहे. नवा १२९ क्रमांकाचा नियम उंचीवर चालतो, त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आहे, आणि पंधरा महिन्यांपर्यंत मूल उलटेच बसले पाहिजे अशी अट आहे. युरोपीय संघात जुन्या नियमाच्या सीटची विक्री सप्टेंबर २०२४ पासून थांबली. आपल्या दुकानांत मात्र दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात आणि विक्रेता क्वचितच फरक सांगतो. आम्ही नव्या नियमाची, ४० ते १०५ सेंटिमीटर उंचीसाठीची सीट घेतली. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती.

आयसोफिक्स म्हणजे बाकाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेली पोलादी कडी. सीटचे दोन दांडे त्या कड्यांत ढकलले की खट्ट आवाज होतो आणि दोन्ही बाजूंच्या खुणा लालच्या हिरव्या होतात. इतके सोपे असूनही पहिल्या दिवशी आम्हाला दोन तास लागले, आणि त्याचे कारण पुरते देशी होते. गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही हौसेने चामड्यासारखी दिसणारी सीट कव्हरे शिवून घेतली होती, आणि त्या कारागिराने आयसोफिक्सच्या कड्यांसकट मागच्या बाकाची फट बंद करून टाकली होती. गाडीच्या पुस्तिकेत कड्या आहेत, कंपनीच्या जाहिरातीत आहेत, आणि बाकात कुठेच नाहीत. शेवटी एका शिलाईवाल्याकडून कव्हरला दोन चिरा देऊन त्यांच्या कडा शिवून घेतल्या. त्याच कव्हराखाली मागच्या मधल्या जागेचे बकलही गेली दोन वर्षे पुरलेले होते, हे तेव्हा लक्षात आले. मागचा बेल्ट कोणी का लावत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर मला त्या चिरेत सापडले. (बेल्टचा आवाज बंद करण्यासाठी नुसतीच अडकवायची धातूची क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये ती काढून टाकायला लावली होती, सीट कव्हरवाल्यांकडेही कोणीतरी लक्ष द्यावे.)

दोन कड्यांनी सीट मागे-पुढे सरकत नाही, परंतु टकरीत ती पुढे झुकू शकते. म्हणून तिला तिसरा आधार लागतो. काही सीटना वरून जाणारा पट्टा असतो, तो बाकाच्या पाठीमागच्या हुकात अडकवतात. काहींना गाडीच्या तळावर टेकणारा पाय असतो. आमच्या सीटला पाय आहे. पायाच्या खाली गाडीच्या तळात झाकण असलेला कप्पा असेल तर तो पाय पोकळ जागेवर टेकतो आणि उपयोगाचा राहत नाही, म्हणून घेण्यापूर्वी गाडीचा गालिचा उचलून पाहावा. वरच्या पट्ट्याची अडचण दीरांच्या गाडीत कळली: त्यांनी मागाहून सीएनजीची टाकी बसवून घेतली आहे आणि त्या टाकीने डिकीतला हुक पूर्ण झाकला आहे. त्या गाडीत वरच्या पट्ट्याची सीट बसूच शकत नाही. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: आयसोफिक्सवर सीट आणि मूल यांचे मिळून ३३ किलोपर्यंतच वजन धरलेले असते. आमची सीट जवळजवळ १४ किलोची आहे, त्यामुळे मूल १९ किलोचे झाले की आतल्या पट्ट्यांसकट वापरणे थांबवून बूस्टरकडे, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायच्या आसनाकडे, वळावे लागेल.

गाडीला पाच स्टार आहेत, मग वेगळी सीट कशाला, असे मला दोन-तीन जणांनी विचारले. गाड्या आदळून पाहून त्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या चाचणीत मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण असतात. त्यासाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे गाडीत ठेवून गाडी आदळतात, आणि ते पुतळे सीटमध्येच बांधलेले असतात, कोणाच्या मांडीवर नसतात. मुलांचे स्टार गाडीला एकटीला मिळत नाहीत. गाडी आणि तिच्यात बांधलेली सीट या जोडीला मिळतात. सीट नसलेल्या गाडीत त्या स्टारांतला मुलांचा वाटा शून्य धरावा.

मुलगी उलटी बसवण्यावरून घरात जितकी चर्चा झाली तितकी तिच्या नावावरूनही झाली नव्हती. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे व जड असते, आणि मानेचे मणके अजून पुरते हाड बनलेले नसतात. समोरून टक्कर झाली की सुलट्या बसलेल्या मुलाचे अंग पट्ट्यांनी अडते, पण डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या बसलेल्या मुलाचे डोके, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत रुततात व ताण सगळ्या अंगावर वाटला जातो. ही कल्पना स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात बर्टिल आल्डमन या संशोधकाने मांडली, आणि ती त्यांना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली होती. त्या देशात आजही मुले चार वर्षांपर्यंत उलटी बसतात. “तिचे पाय दुमडतात” हा नातेवाइकांचा मुख्य आक्षेप होता. पाय खरेच दुमडतात. आमची मुलगी मांडी घालून किंवा पाय बाकाच्या पाठीवर टेकवून बसे आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. घरात जमिनीवरही ती तशीच बसते. दोन वर्षे नऊ महिन्यांपर्यंत आम्ही तिला उलटे बसवले. याच ओघात एक गोष्ट ठासून सांगते: उलटी सीट पुढच्या बाकावर, चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग आता नव्या गाड्यांत सक्तीची आहे, आणि ती उघडताना थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

फिरण्याची सोय मला आधी नखरा वाटली होती. आता तिच्याशिवाय चालणार नाही. सीट दाराकडे वळवायची, मुलीला समोरून बसवायचे, पट्टे लावायचे आणि परत फिरवायची. कंबरदुखी असलेल्या आजोबांनाही ते जमते. पट्टे किती घट्ट असावेत याची परीक्षा सोपी आहे: खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो सैल आहे. उलटे बसताना पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, सुलटे बसताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून निघावा. थंडीत महाबळेश्वरला जाताना जाड जॅकेट घालून पट्टे लावले तर ते घट्ट भासतात, पण त्या फुगवट्याखाली बोटभर ढिलाई राहते. जॅकेट काढून पट्टे लावावेत आणि वरून शाल पांघरावी. उन्हाळ्यात या सीटचे गुण कमी होतात. कापड जाड, खाली थर्माकोलसारखा फेस, हवा खेळायला जागा नाही. एप्रिलमध्ये मुलीची पाठ घामाने चिंब होते आणि उन्हात उभ्या गाडीतले बकल चटका लावण्याइतके तापते. आम्ही गाडी सोडताना सीटवर आजीची जुनी सुती नऊवारी टाकून ठेवतो. दुकानात मिळणारी जादा गादी मात्र घालू नये. सीटबरोबर तपासल्या न गेलेल्या कोणत्याही वस्तूने पट्टे सैल पडतात. कोल्हापूरच्या भडंगातला एक चुरमुरा बकलमध्ये गेला आणि ते लागेनासे झाले, तेव्हा सातारच्या अलीकडे रस्त्याकडेला थांबून टूथपिकने तो काढावा लागला. घाटात मुलीला उलटी झाल्यावर कव्हर काढून धुणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि पट्टे नुसत्या ओल्या फडक्याने पुसायचे असतात, साबणात भिजवायचे नसतात. हे पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिले आहे, म्हणजे बहुतेकांना ते धुऊन झाल्यावर कळेल.

रडण्याबद्दल खरे सांगायचे तर दहाव्या ते सोळाव्या महिन्यापर्यंत ती रडत असे. आमचा उपाय एकच होता: बाहेर काढायचे असेल तर गाडी थांबवायची, चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही. एरवीही दोन तासांपेक्षा जास्त वेळ लहान मूल सलग सीटमध्ये ठेवू नये, त्यामुळे चार तासांचा प्रवास सहा तासांचा झाला. सासूबाई पहिल्या दोन प्रवासांत माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी परतताना, कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर, पुढच्या ट्रकचे मागचे दिवे एकदम लागले आणि यजमानांना जोरात ब्रेक दाबावा लागला. कशाला काही लागले नाही. सासूबाईंच्या मांडीवरचा स्टीलचा डबा पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला आणि लाडू खाली विखुरले. मुलगी झोपलेलीच होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून गाडीत बसल्या की आधी स्वतःच्या बेल्टचे बकल शोधतात.

तेवीस हजार ही रक्कम लहान नाही, आणि ज्या घरात गाडीच जुनी व हप्त्यावर घेतलेली आहे तिथे ही सीट घ्या असे मी सहज म्हणू शकणार नाही. पण गाडीत आयसोफिक्स नसेल किंवा पैसे कमी असतील, तर बेल्टची सीटही नीट बसवली की पुरेसे काम करते. आमची फजिती झाली ती बसवण्यात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या आकड्यांनुसार योग्य आसनामुळे गाडीतल्या तान्ह्या बाळांच्या मृत्यूची शक्यता ७१ टक्क्यांनी आणि त्यापुढच्या लहान मुलांची ५४ टक्क्यांनी कमी होते, आणि त्या आकड्यांत महाग-स्वस्त असा भेद नाही. दुसऱ्या सीटला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण उकाड्यासाठी आणि मराठीच काय, हिंदीतही नसलेल्या पुस्तिकेसाठी कापला. पहिलीला अडीच. दुकानाला एक, आणि तोही गाडीपर्यंत सामान आणून दिल्याबद्दल.

आमच्या सोसायटीत वापरलेल्या कार सीट हातोहात दिल्या-घेतल्या जातात, आणि पहिल्या सीटसाठी तिघींनी विचारले होते. ती सीट एखाद्या अपघातातून गेलेली नाही याची खात्री असेल, तळाच्या प्लास्टिकवर उठवलेली निर्मितीची तारीख मुदतीत असेल आणि पुस्तिका सोबत असेल तर जुनी सीट घ्यायला हरकत नाही. आमची त्या अटींत बसत होती. परंतु माळ्यावरून काढताना ती हातून निसटून फरशीवर पडली आणि आतल्या फेसाला चीर गेली, जी कापड घातल्यावर अजिबात दिसत नव्हती. तिघींनाही नाही म्हणून सांगितले. भंगारवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि “ताई, ही तर नवीच आहे, कुणाच्यातरी लेकराला होईल,” असे म्हणून तो ती सायकलला बांधू लागला. तेव्हा मी घरात जाऊन कात्री आणली आणि त्याच्यासमोर तिचे पाचही पट्टे कापले.